भोर ते वेल्हे: चौघींची एक शर्यत

सांगलीहून स्वारगेटला जाणाऱ्या एसटीत आम्ही चौघी चढलो, तेव्हा आमच्या पिशव्या पाहून कंडक्टरने विचारलं, "काय लोखंडी सामान आहे का?" सुनीतावहिनींनी पिशवीची चेन उघडून त्याला एक बूट दाखवला. खाली एका ओळीत पाच चाकं. त्यानं एक चाक बोटानं फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं, आणि आमच्यापुढच्या सीटवरचे दोघे माना वळवून बघत बसले.

ही साधारण दोन हजार तीन-चार सालची गोष्ट. मोबाईल तेव्हा नुकते कुठं कुठं दिसायला लागले होते, आणि आमच्यातल्या एकीकडेही नव्हता. मी शाळेत खेळाची शिक्षिका. सुट्टीच्या दिवशी मुलामुलींना स्केटिंग शिकवत असे. संघात माझ्याखेरीज तिघी होत्या. वंदना सरकारी दवाखान्यात नर्स. चढावर तिच्यासारखा दम कुणालाच नव्हता. पूर्वा कॉलेजात, एकोणीस वर्षांची, आमच्यात सगळ्यांत वेगवान. आणि चौथ्या सुनीतावहिनी, म्हणजे पूर्वाची आई.

वहिनींचं स्केटिंग सुरू झालं ते लेकीला मैदानावर सोडायला येऊन येऊन. रोज दोन तास कठड्यावर बसून त्या स्वेटर विणायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, "बाई, इतकी वर्षं नुसतं बघतेय, एकदा घालून बघू का?" तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. शर्यतीच्या वर्षी त्रेचाळीस. पडायच्या, उठायच्या, हसायच्या. पूर्वाला मात्र ते आवडत नसे. मैत्रिणींसमोर ती आईला लांबूनच हात करायची.

शर्यतीसाठी चौथी खेळाडू ऐनवेळी गळली म्हणून वहिनींना घ्यावं लागलं. पूर्वानं तोंडावर काही म्हटलं नाही, पण मला एकटीला गाठून म्हणाली, "बाई, पहिल्या तिघांत आलो तरच राज्याच्या शिबिराला बोलावतील. माझं हे शेवटचं वर्ष आहे. आईला जितकं कमी देता येईल तितकं द्या."

मी म्हटलं, "बघते."

सारोळ्याजवळ नीरा नदीचा पूल लागला. पाणी कमी, पण स्वच्छ होतं. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनमधून गव्हाचे हिरवे तुकडे. पुढं कापूरव्होळला उतरून आम्ही भोरची गाडी धरली. उजव्या हाताला भाटघरच्या धरणाची भिंत दिसली आणि हवा एकदम गार झाली. आयोजकांनी भोरातल्या एका शाळेत सगळ्या संघांची सोय केली होती. महिलांच्या गटात सात संघ होते. वर्गातले बाक एका बाजूला सारून आम्ही सतरंज्या टाकल्या.

शर्यत दोन टप्प्यांत होती. पहिला टप्पा भोर ते कापूरव्होळ. पुढच्या महामार्गावर स्केटिंगला परवानगी नव्हती, म्हणून तिथं सगळ्यांनी गाडीत बसून नसरापूर गाठायचं. तिथून दुसरा टप्पा, थेट तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्यापर्यंत. एका वेळी संघातली एकच खेळाडू रस्त्यावर. बदली कुठंही करा, कितीही वेळा करा, पण हातानं स्पर्श झाला पाहिजे. प्रत्येकीनं एकूण निदान चार किलोमीटर केलेच पाहिजेत. आणि संघामागं एकच गाडी.

आमची गाडी म्हणजे इस्माईलभाईंचा टेम्पो. इस्माईलभाई भोरचेच, पन्नाशीच्या पुढचे. दाढी पांढरी, आवाज मोठा. पूर्वी बरीच वर्षं त्यांनी वेल्ह्याच्या रस्त्यावर वडाप (माणसं भरून ने-आण करणारी जीप) चालवलेली. शर्यतीच्या आदल्या दिवशी ते आम्हाला सगळा रस्ता दाखवायला घेऊन गेले. मी पुढं वही घेऊन बसले. दर दोन किलोमीटरला बदली करायची, असा माझा बेत होता. कमी अंतर असलं की प्रत्येकीला जोर लावून पळता येतं, दम पुरतो. टेम्पो बदलीच्या जागी थांबेल, दमलेली टेम्पोत चढेल, टेम्पो तिला घेऊन पुढच्या जागी जाईल.

इस्माईलभाईंनी वहीत डोकावून पाहिलं. "ताई, ही दुसरी जागा तुमी लिवली, तितं वळान हाय. समोरनं उसाची गाडी आली तर टेम्पो कुठं घालू?"

"मग कुठं थांबायचं?"

"त्याच्या पुढं मोरी हाय. मोरीच्या पल्याड दोन गाड्या बसत्यात. आन् बायामाणसं गाडीत चढणार चाकं घालून, म्हंजी खालची जमीन घट पायजे का नको?"

मी लिहिलेलं खोडलं. नंतर सगळीच वही त्यांच्या सांगण्यावरून पुन्हा लिहिली. डांबर कुठं गुळगुळीत, कुठं खडी वर आलेली, कुठला उतार शेवटी अचानक वळतो, सगळं त्यांना पाठ होतं. बदल्या दोन किलोमीटरच्या जागी तीनच्या झाल्या. वहिनींचे चार किलोमीटर मी पहिल्या टप्प्यात, भाटघरच्या पुढच्या सपाट आणि चांगल्या रस्त्यावर बसवले. त्यानंतर त्यांनी टेम्पोत बसायचं. वेल्ह्याचा शेवटचा चढ पूर्वाचा.

संध्याकाळी इस्माईलभाईंच्या घरी जेवण होतं. त्यांच्या बायकोनं, रजियाभाभींनी, आंबेमोहोराचा भात आणि कोंबडीचा रस्सा केला होता. भाताचा वास दारापर्यंत आला होता. वंदना शाकाहारी, तर तिच्यासाठी पावट्याची उसळ वेगळी. भाभींनी वहिनींना विचारलं, "तुमी पन पळणार?"

"पळणार तर! चार किलोमीटर."

"घरात काय म्हनत न्हाईत?"

वहिनी हसल्या. "म्हणतात ना. पण पायात चाकं असली की ऐकू कमी येतं."

पूर्वा सोडून सगळे हसले. जेवण झाल्यावर वहिनींनी माझी वही मागून घेतली आणि शेवटपर्यंत वाचली. दुसऱ्या टप्प्यात त्यांचं नाव कुठंच नव्हतं. वही परत देताना त्या एवढंच म्हणाल्या, "बरोबर केलंत बाई. तिला जाऊ दे शिबिराला."

दुसऱ्या दिवशी सकाळी भोरच्या चौकात गर्दी जमली होती. पहिला टप्पा वहीत लिहिल्याप्रमाणे झाला. मी निघाले, वंदनानं घेतलं, मग वहिनी. त्यांचे चार किलोमीटर होईपर्यंत आम्ही तिसऱ्यावरून पाचव्यावर गेलो. त्यांनी पूर्वाच्या कमरेला हात लावला. पूर्वानं निघता निघता वळून पाहिलं. ती म्हणाली, "झालं ना तुझं? आता बस." त्यात राग होता की काळजी, मला कळलं नाही. वहिनींनी टेम्पोत चढून पाण्याची बाटली तोंडाला लावली.

महामार्गावरून आम्ही टेम्पोनं नसरापूरला गेलो. वरव्याच्या आसपासच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं उन्हात चमकत होती. नसरापुरात पहिल्या टप्प्यातल्या वेळेच्या फरकाप्रमाणे एकेका संघाला सोडलं. आम्ही पाचवे. पण आता रस्त्यावर आम्ही तिघीच होतो, आणि इस्माईलभाईंच्या जागा अचूक होत्या. दुसऱ्या संघांचे टेम्पो वळणावर अडकत, उसाच्या गाड्यांमागं रखडत. आमचा टेम्पो प्रत्येक वेळी आधी पोचून सावलीत उभा असे. आंबवण्याच्या पुढं आम्ही चौथे झालो. आमच्या पुढं, दिसण्याइतक्या अंतरावर, नाशिकच्या मुलींचा संघ होता.

मार्गासनी ओलांडल्यावर पूर्वा रस्त्यावर होती. टेम्पोनं तिला मागं टाकून पुढची जागा गाठली. मी उतरून तयार राहिले. ती आली ती वाऱ्यासारखी, पण चेहरा पांढरा पडलेला. माझ्या कमरेला हात लावता लावता म्हणाली, "बाई, मागं नाशिकची मुलगी पडलीय. रस्त्यावर हुलगे पसरलेत."

आदल्या दिवशी तिथं काही नव्हतं. त्या भागात हुलग्याची (कुळथाची) वाळलेली झाडं डांबरावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली मळणी आपोआप होते. आमच्या बुटाच्या चाकांना मात्र एक काडीसुद्धा पुरते.

"तिच्याजवळ कुणी आहे?"

"शेतातल्या एक आजी आहेत."

"मग तिची माणसं येतील," मी म्हटलं आणि निघाले.

हे मी म्हटलं, हे मला आजही स्पष्ट आठवतं. आवाजही आठवतो. आम्ही आता तिसरे होतो, एवढंच डोक्यात होतं.

दीड किलोमीटरवर नाशिकचा टेम्पो उभा दिसला. त्यांची एक मुलगी तयार होऊन रस्त्याकडे बघत होती. मी न थांबता ओरडले, "तुमची मुलगी मागं पडलीय, मार्गासनीजवळ!" त्यांच्यात धावपळ झाली. माझं काम झालं, असं मला वाटलं.

माझे तीन किलोमीटर एका मोरीपाशी संपणार होते. मोरी आली. तिथं टेम्पो नव्हता. मला ओलांडून तो पुढं गेलाच नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं. मी पुढं जात राहिले. रस्ता हळूहळू चढू लागला. एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "कुठं चाललीस गं बाई?" मी हातानं पुढं दाखवलं. मांड्या दगडासारख्या झाल्या. कधी वाटे टेम्पो पंक्चर झाला, कधी वाटे उलटला.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. मी कडेला सरकले. वेल्ह्याला जाणारी एसटी माझ्या शेजारून गेली, आणि तिच्या खिडकीतून पूर्वा आणि वहिनी दोघी हात हलवत होत्या. पूर्वा ओरडली, "विंझरला! विंझरला थांबतो!"

विंझरच्या थांब्यावर मी पोचले तेव्हा ड्रायव्हर चहा पीत होता. दोघी उतरून उभ्या होत्या. वहिनींच्या पायात चाकं होती. पूर्वानं आपले बूट हातात धरले होते. वहिनींनी घाईघाईनं सांगितलं ते असं. मी निघाल्यावर त्यांनी इस्माईलभाईंना टेम्पो मागं फिरवायला लावला. ती मुलगी पडली होती त्या जागी गेल्या, तर घोटा सुजून फुगलेला आणि नडगीला दगडानं खोल चीर. आजीनं लुगड्याची चिंधी बांधली होती, ती भिजून गेली होती. वंदनानं रक्त थांबवलं, दोन काठ्यांनी पाय बांधला, आणि टेम्पोतून मुलीला घेऊन ती नसरापूरच्या दवाखान्याकडे गेली. नाशिकचा टेम्पो त्यांच्या मागोमाग. इस्माईलभाईंनी जाण्याआधी रस्त्यात आडवं उभं राहून ही एसटी थांबवली होती आणि कंडक्टरला बजावलं होतं, "ह्या दोघी माज्या घरच्या हायेत."

मी खाली बसले. वेल्हे अजून आठ-नऊ किलोमीटर होतं, आणि सगळा चढ. "पूर्वा, तुलाच जावं लागेल सगळं," मी म्हटलं.

"जाते," ती म्हणाली, पण नुकतीच जीव तोडून पळालेली होती. 

वहिनी म्हणाल्या, "बाई, एक ऐका. आता मी निघते. तुम्ही दोघी एसटीत बसा. एसटी मला मागं टाकून पुढं जाईल. अर्ध्या वाटेवर मोठा फाटा आहे, कालच इस्माईलभाईंनी दाखवला. तिथं उतरा. मी तिथवर येते. तोवर हिचे पाय मोकळे होतील."

"आई, तुला अर्धा तास लागेल!"

"लागू दे. तू दमलेली जाशील तर शेवटच्या चढाला चालत जावं लागेल. आठ किलोमीटर तू एकटी ओढणार, की चार मी हळू आणि चार तू जोरात? तूच हिशेब कर."

पूर्वानं माझ्याकडे पाहिलं. मागं वळणावर चौथ्या संघाची मुलगी दिसायला लागली होती. माझ्या वहीत असल्या प्रसंगाचं एक अक्षर नव्हतं. मी वहिनींच्या कमरेला हात लावला. "जा."

त्या निघाल्या. वेग नव्हता, पण पाऊल एकसारखं पडत होतं. चौथ्या संघानं पाचच मिनिटांत त्यांना मागं टाकलं. वहिनींनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

ड्रायव्हरचा चहा संपला. एसटीत कंडक्टर पूर्वाच्या बुटांकडे बघून म्हणाला, "गाडीत चाकं नगं. गाडीला हायेत तेवढी बास." लोक हसले. थोड्या वेळानं चढावर वहिनी दिसल्या. पाठ भिजलेली, तोंड उघडं, एक हात गुडघ्यावर, दुसरा हात झुलत. गाडी हळू झाली. सगळी खिडक्यांपाशी गोळा झाली. टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "कोन गं ती? लई दमली बिचारी."

 पूर्वा म्हणाली, "माझी आई आहे."

"आन् तू गाडीत?"

 पूर्वानं बूट पायात घातले आणि नाड्या आवळायला लागली. फाटा येईपर्यंत मान वर केली नाही.

फाट्यावर आम्ही उभ्या राहिलो. तोरण्याचा माथा समोर उन्हात उघडा पडला होता. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली; चौथ्या संघाची मुलगी धापा टाकत आमच्यासमोरून गेली. मग खालच्या वळणावर वहिनी दिसल्या. पूर्वा रस्त्याच्या मधोमध जाऊन ओरडायला लागली, "ये आई! ये! थोडंच राहिलंय!" वहिनी आल्या आणि त्यांनी लेकीच्या पाठीवर हात नुसता टेकवला नाही, उरलासुरला जोर लावून तिला पुढं ढकललं. मग रस्त्याकडेच्या गवतात आडव्या झाल्या.

पूर्वानं शेवटच्या चढावर चौथ्या संघाच्या मुलीला गाठलं. मागून येणाऱ्या एका जीपनं आम्हाला वेल्ह्यात आणून सोडलं, तेव्हा बाजारपेठेत लोक टाळ्या वाजवत होते. घड्याळात आम्ही तिसऱ्या आलो होतो.

पंचांच्या टेबलापाशी मी सही करायला गेले. संघामागं एकच गाडी, हा नियम मला ठाऊक होता. एसटीबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या हातात पेन होतं. वहिनी मागून आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आमचा टेम्पो नाशिकच्या मुलीला घेऊन दवाखान्यात गेला. मधलं अंतर आम्ही एसटीनं आलो. तुमच्या नियमात काय बसतं ते लिहा."

पंच एकमेकांत बराच वेळ बोलले. माणसं चांगली होती, पण नियम सगळ्यांना सारखा, म्हणाले. आमच्या वेळेत दहा मिनिटं वाढवली. आम्ही चौथ्या झालो.

पूर्वा तहसील कचेरीच्या कुंपणापाशी जाऊन पाठमोरी बसली. वहिनी तिच्याजवळ गेल्या नाहीत. एका घरातून आम्हाला हुलग्याचं माडगं (पिठाची गरम पातळ पेज) आलं. वहिनींनी एक वाटी पूर्वाशेजारी ठेवली आणि परत आल्या. बऱ्याच वेळानं पाहिलं, तर वाटी रिकामी होती.

दुपार कलल्यावर इस्माईलभाई टेम्पो घेऊन आले. वंदना पुढं बसली होती, कपड्यांवर वाळलेलं रक्त. "टाके पडले. घोटा मोडलाय, पुण्याला नेतील," ती म्हणाली. "रक्त बरंच गेलं होतं. वेळेत पोचलो."

परतीच्या वाटेवर नसरापूर आलं, तेव्हा पूर्वानं टेम्पो थांबवायला सांगितला. दवाखान्यात ती मुलगी खाटेवर पाय उंच करून पडली होती. पूर्वाच्याच वयाची. सोबतच्या मुली व्हरांड्यात बसल्या होत्या. पूर्वा खाटेजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "मी तुला पडलेलं बघितलं होतं. बघून पुढं गेले."

 ती मुलगी म्हणाली, "मीपण गेले असते."

 पूर्वा खाटेच्या कडेला बसली. वहिनी दाराशी उभ्या होत्या, त्या हळूच बाहेर गेल्या. मी तिथंच होते. जे पूर्वा म्हणाली ते मीही म्हणायला हवं होतं. पूर्वानं निदान मला सांगितलं तरी होतं. मी ऐकून निघाले होते, आणि मी तिची शिक्षिका होते. मला ते तेव्हा जमलं नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

इस्माईलभाईंनी आम्हाला कापूरव्होळला सांगलीच्या गाडीत बसवलं. पूर्वाला शिबिराचं बोलावणं आलं नाही. पुढची दोन वर्षं ती माझ्याबरोबर लहान मुलांना शिकवायला येत होती, आणि वहिनी मैदानावर असल्या की मुलांना सांगायची, "ती बघा, माझी आई. चढ कसा चढायचा ते तिच्याकडून शिका."

मी अजूनही संघ घेऊन जाते. रस्ता आधी बघते, जागा ठरवते, कुणी कुठं पळायचं ते वहीत लिहिते. पण पहिल्या पानावर आता एक वेगळी गोष्ट असते. कुणी पडलेलं दिसलं तर थांबायचं कुणी आणि गाडी फिरवायची कुणी, ते नावानिशी आधी ठरवून टाकते, म्हणजे तिथं विचार करायची वेळ येत नाही. नव्या मुली हमखास विचारतात, "बाई, आपल्या संघातलं कुणी, की दुसऱ्यांच्या?"

मी सांगते, "रस्त्यावरचं."